लामाराच्या शेजारची जागा

एर्मिले मास्तरांची चूक एवढीच झाली, की त्यांनी परवानगी मागितली.

आमच्या मुखनारीत परवानगी मागायची पद्धत नाही. बोंदोनं घरावर मजला चढवला, कुणाला विचारलं नाही. गुगुलीनं सरकारी भिंत पाडून कोंबड्यांचं खुराडं तीन हात रस्त्यात आणलं, कुणाला विचारलं नाही. उलट रस्ताच वाकडा आहे असं ती आजही शपथेवर सांगते. नदीकाठच्या पिवळ्या कचेरीवरची पाटी आमच्या देखत पाच वेळा बदलली. आधी जुन्या राजवटीच्या पक्षाची होती, मग दोन वर्षं कुणाचीच नव्हती, मग एकामागून एक सरकारांची. पण आत जाऊन कुणी आपणहून "हे करू का?" असं विचारल्याचं ऐकिवात नाही. विचारलं ते एकट्या मास्तरांनी. चाळीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. त्याला वाटतं, जगात प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली असते आणि ती कुणाला ना कुणाला ठाऊक असते.

बरं, मागितलं काय होतं? बंगला नाही, जमीन नाही. एक बाकडं. बायकोच्या थडग्यापाशी टेकायला.

लामारा जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्याआधी अकरा वर्षं ती इटलीत, बारी शहरात, एका म्हातारीची सेवा करत होती. आमच्याकडच्या निम्म्या बायका तिकडेच आहेत. दुसऱ्यांच्या आया हातानं सांभाळतात आणि स्वतःच्या आया फोनवर. घराचं छप्पर, लेकीचं म्हणजे नेस्तानचं शिक्षण, मास्तरांच्या डोळ्याचं ऑपरेशन, सगळं लामाराच्या त्या अकरा वर्षांतून निघालं. रोज संध्याकाळी सातला तिचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "जेवलास का?" शेवटी परत आली ती आजार घेऊनच, आणि पाच महिन्यांत गेली. मास्तर अजूनही सातच्या सुमारास फोनपाशी जाऊन बसतात, हे गुगुलीनं आपल्या खिडकीतून पाहिलंय आणि गावभर सांगितलंय.

जाण्याआधी लामाराचं एकच मागणं होतं. तिची आई तिच्या माहेरी, सुखुमी शहरात पुरलेली. लढाई झाली, मध्ये सरहद्द पडली, आणि तीस वर्षं आमच्या माणसांना तिकडे जाता आलेलं नाही.

"तुझ्या नकाशावर सुखुमी अजून आपलंच आहे ना रे, एर्मिले?" तिनं विचारलं होतं.

"आहे ना."

"मग ईस्टरला आईच्या थडग्यावर जाऊन मला एक लाल अंडं का ठेवता येत नाही? सांग की. मोठा भूगोलाचा मास्तर!"

मास्तरांनी तिची उशी सारखी केली. नकाशाच्या बाबतीत ते तसेही हळवे होते. मोठा देश फुटला तेव्हा एका रात्रीत वर्गातला भिंतीएवढा नकाशा रद्द झालेला त्यांनी पाहिला होता. घर तेच, अंगण तेच, आणि सकाळी उठून बघतात तो देश दुसरा. मुलांनी विचारलं, "मास्तर, आता आपली राजधानी कुठली?" तेव्हा त्यांनी नकाशाची गुंडाळी करून कपाटात ठेवली होती.

"राहू दे," लामारा म्हणाली. "आईपाशी कुणी बसलं नाही. तू माझ्यापाशी बस. पाहुण्यासारखा उभा राहू नकोस, टोपी हातात धरून. बस. ऐकलंस ना?"

"ऐकलं," मास्तर म्हणाले.

ईस्टर म्हणजे ख्रिस्त थडग्यातून उठला तो दिवस; आमच्याकडे त्या दिवशी सगळे लाल अंडी घेऊन आपापल्या थडग्यांपाशी जमतात. आता पहिल्या ईस्टरला काय झालं ते ऐका. मास्तर अंडी, पाव आणि दारूचा चंबू घेऊन गेले आणि उभे राहिले. मास्तरांचे गुडघे म्हणजे जुन्या राजवटीतला माल, वरून धड आणि आतून खिळखिळा. दोन तासांनी ते वाकायला लागले. शेजारी गाबुनियांचं थडगं. त्यांच्याकडे बाकडी आहेत, टेबल आहे, पन्नास माणसांचं खटलं आहे. गाबुनियांनी मास्तरांना ओढूनच नेलं. "मास्तर, उभे काय? या, बसा, घ्या!" आमच्याकडे ईस्टरच्या दिवशी थडग्यापाशी कुणी उपाशी उभा दिसला तर तो शेजाऱ्यांचा अपमान असतो. मास्तरांना बसवलं, खाऊ घातलं, प्यायला लावलं, गाणीही म्हणायला लावली. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की गाबुनियांच्या ज्या बाकड्यावर आपण दिवसभर बसलो त्याची पाठ लामाराकडे होती. त्या रात्री ते जेवले नाहीत.

म्हणून बाकडं. पुढच्या ईस्टरच्या आत.

त्यांनी हे बोंदोला सांगितलं. ही खरं म्हणजे दुसरी चूक, पण घडली आधी. बोंदो हा वीजखात्यातला निवृत्त माणूस. हातात कला आहे, वेळ आहे, आणि नाही म्हणायची सवय नाही. मास्तरांना वाटलं, दोन फळ्या आणि चार खिळे. तिसऱ्या दिवशी बोंदोचा ट्रॅक्टर दारात उभा, आणि मागच्या गाडीत बंद पडलेल्या सिनेमाघरातली एक सबंध रांग. चार लोखंडी घडीच्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, पाठीवर नंबर, सात ते दहा.

"अरे, मला एकट्याला बसायचंय," मास्तर म्हणाले.

"एकटं?" बोंदोला खरंच लागलं. "मास्तर, तुम्ही एकटे बसणार आणि आम्ही काय झाडावर चढून बघायचं? मी नाही येणार? गुगुली नाही येणार? नेस्तान पोलंडहून आली तर तिनं उभं राहायचं?"

तेवढ्यात गुगुली हात पुसत आलीच. "आणि टेबल कुठाय? लोकांनी अंडी काय मांडीवर घेऊन खायची? शोभतं का ते, मास्तर? लामारा काय म्हणेल?"

"टेबल आलं म्हणजे वर पत्रा आला," बोंदो म्हणाला. "पाऊस काय थडगं बघून पडतो?"

मास्तरांनी विरोध केला, पण कसा, तर दुबळा. शेवटी ट्रॅक्टरवर चार खुर्च्या, गुगुलीच्या परसातलं टेबल आणि बोंदोच्या मजल्यावरून उरलेले सहा पत्रे चढले. वरात टेकडीवरच्या दफनभूमीच्या फाटकाशी गेली. फाटकात नवा पहारेकरी. आधी तिथे पहारेकरीच नव्हता. मेलेली माणसं कुठे पळून जातात? पण त्या हिवाळ्यात सरकारनं सगळ्या दफनभूमींची मोजदाद केली होती आणि नवा नियम लावला होता: परवानगीशिवाय बाक नाही, टेबल नाही, छप्पर नाही. नियमाला कारणही होतं. एकानं आपल्या बापाच्या थडग्यावर दोन खोल्या काढून त्यातली एक उन्हाळ्यात भाड्यानं दिली होती.

पहारेकरी भला माणूस होता. त्यानं आभाळाकडे पाहिलं. बोंदोनं कोटाच्या आतून बाटली काढली. प्रकरण तिथेच मिटत होतं, लोकहो, अगदी मिटतच होतं.

"थांब, बोंदो," मास्तर म्हणाले. "नियम आहे ना? मग अर्ज करू."

बोंदोनं कपाळाला हात लावला.

*

कचेरीत तीन नंबरच्या खिडकीवर इर्मा बसते. इर्मा मास्तरांचीच विद्यार्थिनी. तिनं एकदा कॅस्पियन समुद्र पश्चिमेला दाखवला होता म्हणून मास्तरांनी तिला भूगोलात नापास केलं होतं. ती आता पंचेचाळिशीची, दोन मुलांची आई. पण मास्तरांना बघताच ती खुर्चीवरून ताडकन उठून उभी राहिली.

"बस, बस, पोरी. बाकड्याचा अर्ज आहे."

"लगेच करते, मास्तर." तिनं थडग्याचा नंबर घातला, पडद्याकडे पाहिलं, आणि पुन्हा उभी राहिली. या वेळी हळूहळू.

"मास्तर," ती म्हणाली, "ते तुम्ही होतात?"

"कोण मी होतो?"

"आमच्याकडे ते एक जोडपं आहे ना, एकाच दिवशी गेलेलं. चौदा नोव्हेंबरला दोघंही. मोजदादीच्या यादीचं पहिलंच पान उघडलं आणि आम्ही सगळ्या रडलो होतो, मास्तर; पुढचं वाचवलंच नाही. म्हटलं काय प्रेम असेल! तिच्यामागे एक दिवससुद्धा राहिला नाही बिचारा."

"इर्मा, मी रोज सकाळी या खिडकीखालून पाव आणायला जातो."

"आम्ही नाव वाचलंच नव्हतं हो. नुसत्या तारखा बघून रडलो."

हा घोळ कसा झाला तेही सांगतो. आमच्याकडे नवराबायकोपैकी एक गेलं, की काळ्या दगडावर दोघांचेही चेहरे कोरून घ्यायची रीत आहे. गेलेल्याच्या नावाखाली दोन तारखा, राहिलेल्याच्या नावाखाली एक तारीख आणि एक रेघ. पाथरवट मुर्माननं मास्तरांनाही तेच सांगितलं होतं, "दोघांचं एकदमच उरकू, मास्तर. मग तुमच्या वेळेला फक्त तारीख कोरायची, अर्ध्या तासाचं काम." फोटो मात्र मास्तरांनी दिला तो शाळेच्या ओळखपत्रावरचा, अडतीस वर्षांचे असतानाचा, आणि लामाराचा होता तो बारीतला, शेवटचा. त्यामुळे दगडावर ती आई आणि मास्तर तिचा मुलगा दिसतात. परगावचे लोक हळहळतात, "तरणाताठा मुलगा गेला वाटतं!" मास्तरांच्या मनाला हे फार लागतं, पण दगड खोडता येत नाही.

तर मोजदादीला शहरातून दोन पोरं आली होती. ती दगडांचे फोटो काढायची आणि तारखा यंत्रात भरायची. यंत्राला मोकळी जागा चालत नव्हती. रेघेपुढे काय भरायचं? पोरांनी विचार केला, एकाच दगडावर आहेत म्हणजे एकदमच गेले असतील. भरली तीच तारीख आणि झाली पुढे.

"मग दुरुस्त कर," मास्तर म्हणाले.

"करता येत नाही, मास्तर. दुरुस्तीचा अर्ज थडग्यातल्या माणसाच्या जिवंत नातेवाइकानं करायचा असतो."

"मी आहे की."

"तुम्ही थडग्यातले माणूस आहात."

"बरं. नेस्तान करील अर्ज. पोलंडमध्ये आहे."

"करू दे ना! फक्त तिनं तुमचा मृत्यूचा दाखला जोडायला हवा."

दाखला मिळतो समोरच्या खोलीत. मास्तर बोळ ओलांडून तिकडे गेले. तिथल्या बाईंनी नाव पाहिलं आणि म्हणाल्या, "दाखला कसा देऊ? तुम्ही जिवंत आहात. आमच्याकडे स्पष्ट लिहिलंय." म्हणजे मध्ये चार पावलांचा बोळ, एका दारात मास्तर जिवंत आणि दुसऱ्या दारात मेलेले. ते बोळातच उभे राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी मुलांना कितीतरी सरहद्दी पाठ करायला लावल्या होत्या, पण ही त्यांच्या पुस्तकात नव्हती.

नेस्तानला फोन लावला तर ती आधी हसली, मग म्हणाली, "बाबा, असल्या कागदावर सही नाही हो करणार मी. आईच्या कागदांवर केली तेवढी पुरे."

त्यातून अर्ज नोंदला गेला होता, म्हणजे फाईल उघडली होती. फाईल उघडली म्हणजे जागा "चौकशीत". आणि चौकशीतल्या जागेवर निकाल लागेपर्यंत स्टूलसुद्धा ठेवायचं नाही, असा लेखी हुकूम पहारेकऱ्याला गेला. सरकारी काम आणि सहा महिने थांब. इथे ईस्टरला उरले होते पाच आठवडे. सिनेमाच्या खुर्च्या मास्तरांच्या अंगणात परत आल्या. गुगुलीच्या कोंबड्यांनी नऊ नंबरच्या खुर्चीवर अंडी घालायला सुरुवात केली.

*

गुगुलीला वेगळीच शंका आली होती. तिचाही चेहरा नवऱ्याच्या दगडावर कोरलेला. दर रविवारी ती ओल्या फडक्यानं आधी नवऱ्याचा चेहरा पुसते आणि मग स्वतःचा, आणि मुर्माननं हनुवटी दोनदा काढली म्हणून त्याला शिव्या देते. ती तडक इर्माकडे गेली.

"बघ गं, मी कशी आहे."

इर्मानं पाहिलं. "तुम्हाला तर जाऊन पंधरा वर्षं झाली, काकू."

मग काय विचारता! गुगुलीनं बोंब ठोकली आणि दुपारपर्यंत गाव गोळा झालं. मुखनारीत एकूण सत्तावीस जिवंत माणसं मेलेली निघाली. विधवा, विधुर, आणि एक तर असा, ज्यानं भांडणात बायकोला भिववायला दगड तिच्या तारखेसकट आधीच करून ठेवला होता. ती दोघंही यादीत मेलेली, आणि तेव्हापासून गुण्यागोविंदानं नांदत होती. सगळे पिवळ्या कचेरीच्या बोळात. एकटा बोंदो तेवढा जिवंत होता. त्याची बायको धडधाकट असल्यामुळे त्याचा दगडच झाला नव्हता. तो बाहेर सिगरेट ओढत उभा राहिला आणि त्याला उगाचच आपल्याला वगळल्यासारखं वाटत होतं.

"मृतांनी एका ओळीत यावं!" इर्मा ओरडत होती. "आणि कृपा करून ओरडू नका!"

"मेलेल्यावर कोण ओरडतंय गं, भवाने?" गुगुली ओरडली.

शेवटी आतून साहेब आले. कोवळा, शहरातून आलेला, नम्र. त्यानं सगळ्यांना खाली बसवलं आणि समजावून सांगितलं. दुरुस्ती होईल, का नाही होणार? तो स्वतः वरिष्ठांना लिहील. फक्त एक अडचण आहे. टेकडीवरची दफनभूमी भरली म्हणून जानेवारीपासून बंद झालीय. जे नोंदीत आहेत ते तिथले. मोकळ्या जागा यापुढे कुणासाठी राखायच्या नाहीत. नवी दफनभूमी महामार्गाच्या कडेला, पेट्रोलपंपाच्या मागे, इथून सात किलोमीटर.

"म्हणजे?" गुगुलीनं विचारलं.

"म्हणजे काकू, तुम्ही जिवंत असाल, तर काकांच्या शेजारी तुमची जागा नाही. तुम्ही मेलेल्या असाल, तर आहे."

बोळातल्या सगळ्यांनी गुगुलीकडे पाहिलं. मग गुगुलीनं डोक्याचा रुमाल सारखा केला.

"तसं बघितलं तर," ती म्हणाली, "पंधरा वर्षं मेलेली आहे तर काय बिघडलंय? भूक लागते, झोप लागते."

ती उठली. तिच्यामागून एकेक करत सगळे उठले आणि घरी गेले. पाच मिनिटांत बोळ मोकळा झाला. कचेरीच्या इतिहासात इतक्या झटपट कुठलंच प्रकरण निकालात निघालं नसेल. त्यांचं एक बरं होतं, त्या सगळ्यांच्या थडग्यांपाशी जुनी बाकडी आधीपासून होती.

मागे उरले मास्तर.

"मास्तर," साहेब म्हणाला, "तुमची फाईल उघडी आहे, त्यामुळे तुम्हाला काहीतरी एक लिहून द्यावं लागेल. शुक्रवारपर्यंत. जिवंत म्हणून नोंद केली, तर बाकाची परवानगी मी स्वतः ईस्टरच्या आत देतो. मग पुढे जागा मात्र पंपामागे. नाहीतर अर्ज मागे घ्या. जागा तुमची, पण बाक नाही. अर्ज करायला माणूसच नाही म्हटल्यावर बाक द्यायचा कुणाला?"

"म्हणजे आत्ता तिच्यापाशी बसायचं, की नंतर तिच्यापाशी निजायचं," मास्तर म्हणाले.

साहेबानं खाली पाहिलं. वाईट नव्हता तो पोरगा.

*

शुक्रवारपर्यंत गावाला दुसरा विषय नव्हता. गुगुलीनं कॉफीच्या कपाच्या तळाचा गाळ बघून भविष्य सांगितलं, की मास्तरांना दोन वाटा दिसतात, आणि हे कपात बघायची काय गरज होती हे कुणीच तिला विचारलं नाही. बोंदोचा सल्ला सोपा होता. "मास्तर, आधी जिवंत व्हा, बाक घ्या, मग पुन्हा मरा." "दुसऱ्यांदा मरेन तेव्हा जागा गेलेली असेल, बोंदो." "हां, तेही खरंच," बोंदो म्हणाला आणि डोकं खाजवत घरी गेला.

मास्तर रोज टेकडीवर जात होते. लामारापाशी उभे राहायचे. कठड्याच्या आत तिच्या डाव्या हाताला दोन हात रुंदीची गवताची पट्टी होती, मोकळी. त्या पट्टीकडे बघायचे, आणि मग खाली महामार्गाकडे, पेट्रोलपंपाच्या लाल छपराकडे.

शुक्रवारी ते इर्माच्या खिडकीशी आले. इर्मानं दुरुस्तीचा कागद तयारच ठेवला होता.

"मास्तर, तुम्हीच आम्हाला शिकवलंय. नकाशा चुकला तर नकाशा दुरुस्त करायचा, जमीन नाही. मी विसरलेली नाही."

"तुला तेवढंच आठवतं, आणि कॅस्पियन समुद्र नाही," मास्तर म्हणाले. मग त्यांनी टोपी काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. "पोरी, अकरा वर्षं ती तिकडे होती आणि मी इकडे. नकाशावर मोजलं होतं मी, किती किलोमीटर ते. रोज मोजायचो. आता पुन्हा सात किलोमीटर नको गं. मला नाही सोसायचं."

इर्मानं अर्ज मागे घेतल्याचा कागद काढला. मास्तरांनी सही केली. इर्मानं शिक्का मारला: अर्जदार मृत असल्यामुळे अर्ज निकाली. थडग्यातल्या दोघांची नावं असलेली एक प्रत तिनं त्यांना दिली. मग खिडकीवर पडदा ओढला आणि ती मास्तरांसाठी दुसऱ्यांदा रडली. या वेळी नाव वाचून.

*

ईस्टरला ऊन छान पडलं होतं. मास्तरांनी मंजिष्ठेची मुळं उकळून अंडी रंगवली होती, थाळीत गहू रुजवून त्याची हिरवी लव काढली होती. लामारा करायची तसंच, फक्त अंड्यांवर डाग जास्त. अंगणात पुरलेल्या रांजणातून चंबूभर दारू घेतली. गुगुलीनं गोड पाव दिला. बोंदोनं कोटाच्या आत घडीचं स्टूल लपवलं होतं, पण फाटकाशी पहारेकऱ्यानं त्याच्या पोटावर टिचकी मारली आणि आवाज लाकडाचा आला. स्टूल जप्त झालं.

"ख्रिस्त उठला!" टेकडीभर लोक एकमेकांना म्हणत होते.

"खरंच उठला!"

मास्तर लामारापाशी उभे राहिले. तिच्या बाजूला अंडं ठेवलं. दारूची धार सोडली. एक तास झाला. दीड तास झाला. गुडघे बोलायला लागले. तिकडून गाबुनियांची हाक आलीच, "मास्तर! उभे काय? या, बसा, घ्या!" दोन धिप्पाड गाबुनिया उठून त्यांना न्यायला निघालेसुद्धा.

मास्तरांनी त्या बाकड्याकडे पाहिलं. त्याची पाठ लामाराकडेच होती. मग त्यांनी हातातला चंबू बोंदोकडे दिला, कठडा धरला, एक पाय आत टाकला, दुसरा टाकला, आणि लामाराच्या डाव्या हाताच्या गवताच्या पट्टीवर हळूहळू, कण्हत, सबंध बसले.

गुगुली किंचाळली. जिवंत माणसानं आपल्या थडग्याच्या जागेवर बसणं हा आमच्याकडे मोठा अपशकुन. पहारेकरी धावत आला.

"मास्तर, मास्तर, असं नका करू! ही जागा..."

मास्तरांनी आतल्या खिशातून कागद काढला. "वाच. मोठ्यानं वाच. इथं कोण आहे?"

पहारेकऱ्यानं वाचलं, "लामारा लोमिद्झे. आणि एर्मिले लोमिद्झे."

"मी कोण?"

"तुम्ही... एर्मिले लोमिद्झे."

"मग मी माझ्या जागी आहे. शिक्का बघ. गोल आहे, निळा आहे. सुखुमी नकाशावर आमचं आहे आणि लामाराला तिथं एकदाही जाऊन बसता आलं नाही. ही जागा कागदावर माझी आहे, आणि मी बसलोय. आता कुठल्या नियमानं उठवतोस ते सांग."

पहारेकऱ्यानं कागद पुन्हा वाचला, उलटून मागची बाजू बघितली, आणि जपून घडी करून परत दिला. मग डोक्यावरची टोपी काढली आणि बोंदोचं स्टूल आणायला फाटकाकडे निघाला.

"नको," मास्तर म्हणाले. "आता नको ते."

ते तसेच बसून राहिले, कठड्याला पाठ टेकून. दगडावरचे अडतीस वर्षांचे मास्तर वर, आणि हे चौऱ्याहत्तर वर्षांचे खाली. त्यांनी एक अंडं सोललं, अर्धं स्वतः खाल्लं, अर्धं तिच्या बाजूच्या मातीवर ठेवलं. "जेवलो," ते हळूच म्हणाले. "आत्ताच जेवलो, लामारा. आणि बघ, बसलोय."

गुगुली तोंडाला रुमाल लावून रडत होती. गाबुनियांचं गाणं थांबलं होतं.

बऱ्याच वेळानं ऊन उतरलं, गवत गार पडलं. आपल्याला आता एकट्यानं उठता येणार नाही, हे मास्तरांना कळलं होतं आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पण बोंदोला ते दिसलं. तो कठड्याशी आला आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"चला मास्तर, माती ओली आहे. आजचा दिवस उठण्याचाच आहे. उठा."

मास्तरांनी त्याच्या हातांकडे पाहिलं आणि दगडावर हात ठेवला.

"ज्याला उठायचं होतं तो उठला, बोंदो," ते म्हणाले. "मला जरा बसू दे."